‘अनंतानं डोकं फिरतं का, सर?’

प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या एका शेतकरी वडिलांचा आहे. मुलगा विद्यापीठात एम.एस्सी. गणिताच्या दुसऱ्या वर्षाला, होस्टेलवर राहतो. सोयाबीनच्या काढणीला घरी आला, पण मळणीयंत्राच्या बाजूला पोत्यावर बसून वहीत काहीतरी खरडत होता. रात्री जेवताना आईला म्हणाला, ‘काही अनंत दुसऱ्या अनंतापेक्षा मोठे असतात.’ आईनं सहज विचारलं, ‘मग सगळ्यात मोठा कोणता रे?’ तर ताटावरून उठेपर्यंत पोरगं गप्प. तेव्हापासून आईचा जीव थाऱ्यावर नाही. त्यात कुणीतरी मोबाईलवर पाठवलं की अनंताचा शोध लावणारा माणूस वेड्यांच्या दवाखान्यात मेला. आईनं अंगारा आणून ठेवलाय. वडील विचारतात, ‘सर, विषय सोडायला लावू का? बी.एड. केलेलं परवडलं.’

भाऊ, उत्तर आधी सांगतो आणि मग लांबण लावतो. विषय सोडायला लावू नका. अंगारा लावायचा तर लावा, त्यानं काही बिघडत नाही. पण पोरगं किती झोपतं, काय जेवतं आणि महिन्याचा खर्च कसा भागवतं, हे मात्र विचारा.

मी ३४ वर्षं गणित शिकवलं, त्यातली बहुतेक अंबाजोगाईत. इतक्या वर्षांत मोडलेली पोरं बघितली. कर्जानं मोडलेली, घरच्यांच्या अपेक्षेनं मोडलेली, प्रेमात हरलेली, आणि खरोखरच आजारी पडलेली. अनंतामुळं मोडलेलं एकही आठवत नाही. मोडलेल्यांत एकदा मीही होतो, ते पुढं सांगतो.

आधी तुमचं लेकरू नेमकं काय वाचतंय ते बघा, म्हणजे निम्मी भीती जाईल.

माझे आजोबा निरक्षर होते. विसाच्या पुढं आकडे येत नव्हते. मोंढ्यात ज्वारी घालायला जाताना खिशात चिंचोके न्यायचे. बैलगाडीतून एक पोतं उतरलं की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. संध्याकाळी आडत्याच्या मुनीमासमोर उजवा खिसा उलटा करायचे आणि म्हणायचे, ‘लाव जोड्या.’ पोती किती हे त्यांना सांगता यायचं नाही, पण एक जरी कमी असलं तरी तिथंच कळायचं. मोजता न येता बरोबरी ठरवण्याची ही युक्ती आहे, आणि अनंताचं सगळं गणित या चिंचोक्यांवर उभं आहे. १, २, ३, ४ असे सगळे आकडे ही पोती समजा आणि २, ४, ६, ८ हे चिंचोके. १ ला २ लावा, २ ला ४, ३ ला ६. एकही पोतं उरत नाही, एकही चिंचोका उरत नाही. म्हणजे सगळे आकडे आणि त्यातले नुसते सम आकडे, दोन्ही सारखेच. भाग आणि अख्खं, दोन्ही बरोबर! इथं पहिल्यांदा माणसाला गरगरतं, हे मी नाकारत नाही. वर्गात दरवर्षी कुणीतरी म्हणायचंच, ‘सर, ही फसवाफसवी आहे.’

मग वाटतं, सगळे अनंत सारखेच असणार. ते तसं नाही, हे दाखवायला मी वर्गात हजेरीपट उघडायचो. कल्पना करा, हजेरीपटात पोरं न संपणारी आहेत आणि दिवसही न संपणारे. प्रत्येकाच्या ओळीत ‘ह’ किंवा ‘ग’, म्हणजे हजर किंवा गैरहजर. पहिल्याची ओळ: ह, ह, ग, ह… दुसऱ्याची: ग, ग, ग, ग… (असा एक प्रत्येक वर्गात असतो.) तिसऱ्याची: ह, ग, ह, ग… आता समजा हेडक्लार्क ठामपणे म्हणतोय, हजेरीचे जितके प्रकार जगात होऊ शकतात तितके सगळे या पटात आलेत, एकही सुटला नाही. मी म्हणतो, थांबा. पहिल्या पोराचा पहिला दिवस बघतो, दुसऱ्याचा दुसरा, तिसऱ्याचा तिसरा, असा तिरका खाली उतरत जातो. ह, ग, ह… आणि प्रत्येक खूण उलटी करतो: ग, ह, ग… ही नवी ओळ पटात कुठं आहे? पहिली ओळ ती नाही, कारण पहिल्या दिवशीच फरक आहे. दुसरी नाही, दुसऱ्या दिवशी फरक. हजारावी नाही, हजाराव्या दिवशी फरक. म्हणजे ती पटात नाहीच. हेडक्लार्क म्हणाला, ‘बरं, घेतो तिला वर लिहून,’ तर मी नव्या पटात पुन्हा तिरका उतरतो आणि पुन्हा एक सुटलेली ओळ त्याच्या हातात देतो. पटातल्या ओळींना १, २, ३ असे क्रमांक देता येतात. हजेरीच्या प्रकारांना ते पुरतच नाहीत. हा अनंत त्या अनंतापेक्षा मोठा झाला.

एवढंच आहे, भाऊ. तुमचं पोरगं पोत्यावर बसून बहुधा हेच करत होतं. हे पहिल्यांदा उमगतं तेव्हा माणूस दोन दिवस कुणाशी नीट बोलत नाही. मीही बोललो नव्हतो.

आता तो मोबाईलवरचा माणूस. गेऑर्ग कँटर. जन्म १८४५ चा, सेंट पीटर्सबर्गचा. १८६९ पासून शेवटपर्यंत नोकरी जर्मनीतल्या हाले गावी. त्याला बर्लिनला जायचं होतं, ते कधी जमलं नाही. शून्यापासून एकापर्यंतचे सगळे दशांश आकडे १, २, ३ अशा यादीत बसत नाहीत, हे त्यानं १८७४ साली छापलं. त्याच वर्षी वॅली गुटमन हिच्याशी लग्न झालं. लग्नानंतरच्या प्रवासात त्याची गाठ रिचर्ड डेडेकिंड नावाच्या गणितज्ञ मित्राशी पडली आणि नवरदेव तासन् तास त्याच्याशीच गणित बोलत बसला. त्या बिचारीला काय वाटलं असेल! तरी संसार चांगला झाला, सहा मुलं झाली, वडिलांनी ठेवलेल्या पैशानं पगाराची तूट भरून निघाली. १८७७ साली त्यानं सिद्ध केलं की एका रेघेवर जितके बिंदू, तितकेच अख्ख्या चौरसात. तेव्हा डेडेकिंडला लिहिलं की मला दिसतंय, पण विश्वास बसत नाही. त्याची सगळ्यात भरभराटीची दहा वर्षं ही, आणि या काळात तो चांगला धडधाकट होता.

आजाराचा पहिला झटका १८८४ च्या मे महिन्यात आला, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. काही आठवड्यांत सावरला. पुढं आयुष्यभर येऊन-जाऊन राहिला. आज मागं वळून बघणारे बरेच जण त्याला बायपोलर म्हणतात, म्हणजे कधी उधाण तर कधी ओहोटी. हा आजार ज्याला पावकी-निमकी येत नाही त्यालाही होतो. आणि तुमच्या मोबाईलवर न आलेली गोष्ट ही, की तो तिरका हजेरीपट कँटरनं १८९१ साली मांडला, आजारी पडल्यावर सात वर्षांनी. त्याच सुमारास जर्मन गणितज्ञांची संघटना उभी केली आणि तिचा पहिला अध्यक्ष झाला. वेड लागलेला माणूस हे कसं करेल?

त्याचा छळ झाला हे खरं. बर्लिनमधला क्रोनेकर हा मोठा माणूस त्याला तरुणांना बिघडवणारा म्हणायचा. दुसरं म्हणजे मित्र मिटाग-लेफ्लर यानं १८८५ मध्ये त्याचा छापायला आलेला लेख परत घ्यायला सुचवलं, हा लेख शंभर वर्षं आधी आलाय म्हणून. शत्रूनं शिव्या दिल्या तर माणूस सहन करतो, मित्रानं गोड बोलून दार लावलं की आत काहीतरी तुटतं. माझ्या मते कँटरला हे दुसरंच जास्त लागलं. त्या मित्राच्या नियतकालिकात त्यानं पुढं कधी छापलं नाही.

१८९९ च्या डिसेंबरमध्ये त्याचा सगळ्यात धाकटा मुलगा रुडॉल्फ अचानक गेला. बाप त्या वेळी शेक्सपिअरची नाटकं खरी कुणी लिहिली यावर व्याख्यान देत होता. (हा त्याचा दुसरा नाद. गणितापेक्षा जास्त वेडगळ, पण त्याला कुणी नावं ठेवत नाही.) पुढं दवाखान्याच्या फेऱ्या वाढल्या. १९१७ च्या जूनमध्ये शेवटचं भरती केलं. महायुद्ध चालू होतं, जर्मनीत खायची मारामार, तो वाळत चालला. बायकोला पत्रं लिहायचा की मला घरी ने. ६ जानेवारी १९१८ ला हृदयविकारानं गेला. यात मूल गमावणं आहे, आजार आहे, उपासमार आहे, अपमान आहे. अनंताचा दोष कुठं सापडतो ते तुम्हीच दाखवा.

आता डेडेकिंड. हा माणूस कुणी मोबाईलवर पाठवत नाही, कारण त्याच्या आयुष्यात काही घडलंच नाही. जन्मगाव ब्राउनश्वाइग, तिथंच शिकवलं, लग्न केलं नाही, बहीण युलियाबरोबर राहिला, ८४ वर्षं जगला. ज्या गोष्टीनं माझ्या वर्गाला गरगरायचं, भाग आणि अख्खं सारखं असणं, तीच त्यानं अनंताची व्याख्या म्हणून लिहून टाकली. म्हणजे अनंताशी त्याची ओळख कँटरइतकीच जवळची होती. एकदा गणितज्ञांच्या एका कॅलेंडरात छापून आलं की डेडेकिंड ४ सप्टेंबर १८९९ रोजी वारले. त्यानं छापणाऱ्याला कळवलं, तारीख बरोबर असेलही, पण साल नक्की चुकलंय, कारण त्या दिवशी मी आमचे मित्र कँटर यांच्याबरोबर जेवून छान गप्पा मारत होतो. ही तारीख लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

कँटरला आयुष्यभर एक कोडं सतावत होतं. हजेरीपटाच्या ओळींचा अनंत आणि हजेरीच्या प्रकारांचा अनंत, या दोघांच्या मध्ये तिसरा एखादा आहे का? १८८४ मध्ये तो कधी म्हणायचा सिद्ध झालं, कधी म्हणायचा खोटं ठरलं, आणि पुन्हा मागं घ्यायचा. हिल्बर्ट या मोठ्या जर्मन गणितज्ञानं १९०० साली पॅरिसला नव्या शतकासाठी प्रश्नांची यादी मांडली, तिच्यात पहिला हाच. १९३८ मध्ये कुर्ट गोडेल या तर्कशास्त्रज्ञानं दाखवलं की आपल्या नेहमीच्या गृहीतकांवरून ‘मध्ये कुणी नाही’ हे खोडता येत नाही. १९६३ मध्ये पॉल कोहेननं दाखवलं की ते सिद्धही करता येत नाही. म्हणजे कँटर ज्या कुलपाशी झगडत होता, त्याची किल्ली त्याच्या जुडग्यात नव्हतीच.

गोडेलची गोष्ट मात्र वाईट आहे आणि ती लपवणार नाही. लहानपणी त्याला संधिवाताचा ताप आला होता. हृदय कमजोर झालंय हे त्याच्या मनातून कधी गेलं नाही. १९३६ मध्ये त्याच्या गुरूंचा, श्लिक यांचा, एका जुन्या विद्यार्थ्यानं व्हिएन्नाच्या विद्यापीठातच गोळ्या घालून खून केला, तेव्हा तो पुरता ढासळला. कुणीतरी अन्नातून विष घालेल ही भीती वाढत गेली. बायको आडेल हिच्या हातचं तेवढं खायचा. १९७७ मध्ये ती दवाखान्यात पडली आणि यानं जेवण जवळपास सोडलं. १४ जानेवारी १९७८ ला प्रिन्स्टनमध्ये गेला तेव्हा वजन तिसेक किलो होतं. ही त्याची भीती तर्कशास्त्रातून आलेली नाही, पण तर्कशास्त्रानं तिला अडवलंही नाही. इतका हुशार माणूस स्वतःच्या डोक्याला पटवू शकला नाही की पानात विष नाही. हुशारीनं आजार परतवता येत नाही, हे मला वाटतं तुम्ही पोराला स्पष्ट सांगावं. हुशार पोरांना तसा भ्रम असतो.

कोहेनला १९६६ मध्ये फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला मोठा मान, मिळालं आणि तो २००७ पर्यंत जगला. फेलिक्स हाउसडॉर्फही अनंताचाच माणूस. १९४२ च्या जानेवारीत बॉनमध्ये त्यानं, बायकोनं आणि मेहुणीनं एकाच रात्री जीव दिला. ते ज्यू होते आणि नाझींच्या छावणीत हजर व्हायचा हुकूम आला होता. त्याच्याही नावापुढं ‘गणितज्ञाची आत्महत्या’ असं लिहिणारे आहेत. मला संताप येतो.

आपल्याकडंही गणितज्ञाच्या घराभोवती अशा गोष्टी रचल्या जातात. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या अंगाला गेलं की पाटणादेवी लागते. मी तिथं पोरांच्या सहली नेल्या आहेत. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्य, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव यांची माहिती आहे. भास्कराचार्यांनी बीजगणितात शून्यानं भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटलं. तिच्यात कितीही मिळवा, कितीही काढा, ती बदलत नाही, जसा सृष्टी होताना आणि लय होताना जीव येऊन-जाऊनही अच्युत बदलत नाही. कसलीही धास्ती न बाळगता बाराव्या शतकात हे लिहिलंय. आणि लोकांना आठवतं काय? मुहूर्ताची वेळ मोजायच्या घटिकापात्रात मोती अडकला, मुहूर्त टळला आणि त्यांची मुलगी लीलावती बिनलग्नाची राहिली. ही कथा येते अकबराच्या काळातल्या फैजीनं केलेल्या ‘लीलावती’ ग्रंथाच्या फारसी भाषांतरातून, चारशे वर्षांनी. बाप आकडेमोडीत रमला की मुलीचं वाटोळं व्हायलाच पाहिजे, असं लोकांना का वाटतं कोण जाणे.

आता माझं. नव्वदच्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी विनाअनुदानित कॉलेजात होतो. नाव घेत नाही. अकरा महिने पगार नव्हता, सही मात्र पूर्ण पगारावर. घरात दोन लहान पोरं, किराणावाल्याची उधारी, आणि मी रात्री पीएच.डी.साठी याच अनंतांची बेरीज-गुणाकार करत बसायचो. झोप उडाली. मग वर्गात बोलता बोलता थांबायला लागलो. गल्लीत बोलणं सुरू झालं, ‘सर गणित करून करून येडे झाले.’ आमच्या घरी तेच खरं वाटलं आणि बायकोनं माझी वही ज्वारीच्या कोठीत खाली खुपसून ठेवली. सहा महिने सापडली नाही. अजूनही ती उघडली की शिवणीतून ज्वारीची पिठी पडते.

शेवटी मेव्हण्यानं मला अंबाजोगाईच्या मेडिकलला नेलं. डॉक्टर तरुण होते. झोप किती, जेवण कसं, पैशाचं काय, जीव द्यावासा वाटतो का, एवढं विचारलं. मी काय शिकवतो हे त्यांनी केसपेपर लिहून झाल्यावर, सहज म्हणून विचारलं. नऊ महिने गोळ्या घेतल्या. दुसऱ्या कॉलेजात नोकरी लागली. वही परत मिळाली आणि प्रबंधही झाला. गल्लीतल्यांना आजही वाटतं की मी गणित कमी केलं म्हणून बरा झालो.

म्हणून तुम्हाला सांगतो, बघायचं असेल तर हे बघा. पोरगं तीन-तीन रात्री जागतंय आणि तरी थकवा नाही, भराभर बोलतंय, ‘मला सगळं कळलंय, जगाला कळायचंय’ असं म्हणतंय? किंवा उलट, अंथरुणातून उठत नाही, अंघोळ नाही, आवडीची वहीसुद्धा उघडत नाही, जेवणावर संशय घेतंय? यातलं काही असेल तर एक दिवसही न दवडता डॉक्टर गाठा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ वर फुकट बोलता येतं, मराठीतही. आणि यातलं काही नसेल, नुसतं पोत्यावर बसून लिहीत असेल, तर त्याला चहा नेऊन द्या.

तुमच्या पत्रात मला खरी काळजी एकाच ओळीची वाटली. ‘पुढं काय करणार विचारलं की चिडतो.’ भाऊ, इथं दुखतंय. एम.एस्सी. झाल्यावर आपल्या भागात काय आहे, तर तासिका तत्त्वावर तास घ्यायचे आणि पैसे कधी येतील त्याची वाट बघायची. पोराला हे तुमच्याआधी कळलेलं आहे. बी.एड. करून शिक्षकभरतीकडं डोळे लावून बसलेलीही माझी डझनभर पोरं आहेत, तेव्हा तो काही राजमार्ग नाही. त्याला सीएसआयआर-नेटची, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपसाठीच्या परीक्षेची, तयारी नीट करू द्या. फेलोशिप लागली तर पाच वर्षं तुमच्याकडं पैसे मागणार नाही. वर्षाची मुदत ठरवा, दोघं मिळून, आणि त्या वर्षात दर फोनला तोच प्रश्न विचारू नका.

राहिला वहिनींचा प्रश्न, सगळ्यात मोठा कोणता. त्यांना सांगा की पोरगं भ्रमिष्ट झालं म्हणून गप्प बसलं नव्हतं, प्रश्न अवघड होता म्हणून बसलं. कोणताही अनंत घ्या, हजेरीपटाच्या त्याच युक्तीनं त्याच्याहून मोठा तयार होतो, म्हणजे सगळ्यात मोठा कुणीच नाही. मग सगळे अनंत एकाच पोत्यात भरले तर ते पोतं केवढं? ते त्याच्याहून मोठ्याला जागा ठेवत नाही, आणि त्याच्याहून मोठा तर असतोच. इथं गाडी अडते. कँटरची गाडी याच ठिकाणी अडली होती, आणि त्यानं त्याबद्दल डेडेकिंडला पत्रं लिहिली ती १८९९ च्या उन्हाळ्यात. पुढं सप्टेंबरच्या ४ तारखेला, ज्या दिवशी कॅलेंडरानं एकाला मारून टाकलं होतं, दोघं एकत्र जेवायला बसले होते.

वहिनींनी तो प्रश्न जेवता जेवता विचारला. पुढच्या खेपेला पोरगं आलं की पुन्हा विचारू द्या.